पेंढ्याशिवाय धावलेली माणसं

पेणच्या खाडीकाठी भालखार नावाचं गाव. गावाच्या उघाडीवर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. पावसाचं पाणी तो खाडीत सोडतो आणि खाडीचं पाणी शेतात येऊ देत नाही. तो रूळ वाजला की काय झालं म्हणून गावात कोणी विचारत नसे. बांधाला खांड पडली, खारं पाणी आत शिरलं, हे प्रत्येकाला कळे. मग हातातला घास ताटात टाकून घरटी एक माणूस धावत सुटे. एका हातात फावडं आणि डोक्यावर पेंढ्याची मोळी.

पेंढा लागेच. फुटलेल्या बांधात नुसता चिखल टाकला तर भरती तो चाटून नेते. आधी खुंट ठोकायचे, खुंटांत पेंढा गुंतवायचा, त्यावर चिखल थापायचा. तेव्हा कुठं पाणी अडतं. लहानपणापासून हे पाहिलेला माणूस झोपेतून उठला तरी मोळी उचलूनच निघे.

रूळ वाजवायचा हक्क कान्हूचा होता. त्याच्याआधी त्याचा बाप काळुराम हे काम करी. कान्हू बांधावर कायम अनवाणी चाले. खेकड्यांनी बांध कुठं पोखरलाय, ते त्याच्या टाचेला कळे. तिथं थांबून तो पायानंच चिखल दाबी आणि पुढं जाई. बोलायला कमी, चालायला मंद, अशा या माणसाला गावात कोणी फारसं मोजत नसे. पण उधाणाच्या दिवशी, पुनवेला आणि अवसेला, सगळं गाव त्याच्या जिवावर निर्धास्त जेवायला बसे. त्याची बायको शांती रोह्याजवळच्या निडीची. तिकडं भात आणि वाल, खाडीशी संबंध नाही. लग्न होऊन आली तेव्हा भरतीच्या आवाजानं ती दचकून उठे. मग सवय झाली, पण रुळाला मात्र तिनं कधी हात लावला नाही.

बांधामागची शेतं सगळ्यांची होती. आगऱ्यांची होती, तशी मोहल्ल्यातल्या घरांचीही होती. कान्हूच्या तुकड्याला लागून कासम मुकादमचा तुकडा. गावातून बांधाकडं जायची जवळची वाटही मोहल्ल्यातूनच. कासमची पडवी आणि मशिदीची भिंत यांच्यामधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली. खांड पडली की माणसं त्या गल्लीतून धावत. मोहल्ल्यातलीही निघत. कासमची म्हातारी आई, जिला सगळं गाव बूबू म्हणे, दारात गोड्या पाण्याचा हंडा भरून ठेवी. खाऱ्या चिखलात काम केलेल्या माणसाला परतताना तहान फार लागते.

ब्याण्णवच्या डिसेंबरात मुंबई पेटली आणि कान्हूचा मुलगा जगन घरी आला.

आधी तो डोलवीला कारखान्याच्या बांधकामावर ठेकेदाराकडं होता. ते काम संपलं तसा तो मुंबईला गेला आणि कुर्ल्याकडं पत्र्याच्या एका छोट्या कारखान्यात लागला. खोलीत सोबत शेजारच्या गावचा सखा नावाचा पोरगा. दंगल झाली त्या दिवशी दोघं पळाले. वाटेत सखाला पिशवीची आठवण झाली. ती घेऊन येतो म्हणून तो मागं फिरला, आणि पुन्हा दिसला नाही. जगन पनवेलपर्यंत कसा आला ते त्यानं कधी सांगितलं नाही. पेणहून घरी आला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. शांतीनं विचारलं, "सखा कुठाय रं?" तो म्हणाला, "जेवायला वाढ."

त्यानंतर तो पडवीत दाराकडं तोंड करून बसून राहू लागला. भांडं पडलं तरी उठून उभा राही.

जानेवारीत मुंबई पुन्हा पेटली. हैबतराव नावाचे पुढारी जीपमधून खाडीकाठची गावं फिरले. खाडीतून बोटी येणार, बोटीत हत्यारं असणार, सावध राहा, असं सांगून गेले. बोट कोणी पाहिली नाही. पण पोरं बांधावर काठ्या घेऊन बसू लागली. जगन त्यांच्यात होता. ज्या बांधावर कान्हू आयुष्यभर खेकड्यांची बिळं शोधत चालला, तिथं उभी राहून पोरं खाडीकडं कमी आणि मोहल्ल्याकडं जास्त बघत. मोहल्ल्यातली माणसं बांधावर यायची बंद झाली.

पौषाची पुनव आली. हिवाळ्यात रात्रीची भरती मोठी असते. तिनं बांध आतून पोखरून ठेवला आणि दुपारच्या भरतीनं पाडला. कान्हू तिथंच होता. त्यानं धावत जाऊन रूळ वाजवला.

बांध उंच असतो. वरून गल्लीचं तोंड स्पष्ट दिसतं. पहिली माणसं आली ती नेहमीसारखी, डोक्यावर मोळ्या. कान्हूनं खुंट ठोकायला घेतले. मग त्यानं पुन्हा वर बघितलं. शेवटून एक घोळका येत होता. त्यांच्या हातांत फावडी होती, दोघांच्या हातांत कोयते. मोळी एकाच्याही डोक्यावर नव्हती. घोळका गल्लीत शिरला आणि धावायचा थांबला. पुढं जगन होता.

मोहल्ल्यातल्यांनी त्याआधीच जे पाहायचं ते पाहिलं होतं. शंभरेक माणसं हत्यारं घेऊन आपल्या गल्लीकडं धावत येतायत. रूळ वाजला होता आणि तो कशासाठी वाजतो हे त्यांनाही जन्मापासून ठाऊक होतं. पण त्या महिन्यात ठाऊक असण्याचा काही उपयोग नव्हता. घरांच्या मागच्या दारांनी ती बाहेर पडली आणि पळायला दुसरी वाट नव्हती म्हणून खाडीच्या तिवरांत, चिखलात उगवलेल्या दाट झाडीत, शिरली. भरतीच्या वेळी.

कान्हू खांडीत उभा राहून हे बघत होता. तिवरांच्या फांद्यांमध्ये बायकांची डोकी दिसत होती, पोरं खांद्यावर होती. पाणी चढत होतं. हाक मारावी तर गल्लीतले ऐकतील. पेंढा सोडून जावं तर खांड मोठी होईल. तो पेंढा कोंबत राहिला. गल्लीतून दारांवर फावड्यांचे दांडे आपटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. घरं रिकामी होती. घोळका बांधावर आला आणि बाकीच्यांसारखा चिखल उपसू लागला. जगननं बापाशेजारीच फावडं चालवलं. चांगलं चालवलं.

ओहोटी लागल्यावर कासम आईला पाठीवर घेऊन बाहेर आला. म्हातारी भरतीभर छातीपर्यंत पाण्यात उभी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कान्हू चिखलानं माखलेला तसाच पुढं गेला. कासमनं एवढंच विचारलं, "पाणी थांबलं काय?"

"थांबलं."

दुसऱ्या दिवशी कासमनं घराला कुलूप लावलं आणि आईला घेऊन तो रोह्याला बहिणीकडं गेला. दारावरचे दांड्यांचे वण तसेच राहिले. गावात त्याबद्दल कोणी बोललं नाही. कोणाचं काही गेलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं.

कान्हूनं मुलाला एकदाच विचारलं. "त्या दिवशी पेंढा का नाय आणलास?"

जगन जेवत होता. "इसरलो."

शांती चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. आगऱ्याचा पोरगा खांडीवर निघताना पेंढा विसरत नाही, हे निडीहून आलेल्या बाईलाही इतक्या वर्षांत कळलं होतं.

अवसेचं उधाण शांत गेलं. फेब्रुवारीत रोह्यात परिसंवाद ठरला. फलकावर लिहिलं होतं, 'शहरांतील दंगली : सामाजिक कारणे'. एका बाजूनं हैबतराव, दुसऱ्या बाजूनं दिनानाथ वकील, विरोधी पक्षाचे. हैबतरावांनी कान्हूला जीप पाठवली. ड्रायव्हर म्हणाला, "कान्हूबुवा, आज तुम्ही पुढारी. धोतर बदला." दुसऱ्या दिवशी पुनव होती. कान्हूला बांध सोडून जायचं नव्हतं, आणि नाही म्हणायचीही छाती नव्हती. त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

हैबतराव बोलायला पट्टीचे. "मुंबईत एका खोलीत दहा-दहा पोरं झोपतात, पाळीपाळीनं. गिरण्या बसल्या. ठेकेदार आज ठेवतो, उद्या काढतो. सकाळी उठून कुठं जायचं हे ज्या पोराला ठाऊक नाही, त्याच्या हातात दगड द्यायला वेळ लागत नाही. कारण हे आहे!"

टाळ्या पडल्या. कान्हूच्या डोळ्यांपुढं पडवीत दाराकडं तोंड करून बसलेला जगन आला.

"पण हे दुखणं शहराचं," हैबतराव पुढं म्हणाले. "आमच्या पेण-रोह्यात त्याला थारा नाही."

दिनानाथ उठले. "दुखणं शहराचं असेल, हैबतराव. पण रोगी एस.टी.त बसून गावाकडंच येतो ना?" सभागृह हसलं. "बेकारी आहेच. पण सगळे बेकार दगड मारत नाहीत. मी सांगतो काय होतं ते. एकदा जो जीव मुठीत धरून पळाला, ज्याचा सोबती मागं राहिला, तो पुन्हा पळायला तयार नसतो. पुढच्या खेपेला तो दुसऱ्याला पळवतो. तो दुसरा कोण, हे त्याला महत्त्वाचं नसतं."

कान्हू दिनानाथांकडं बघू लागला. या माणसानं जगनला कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे गुन्हेगाराची कीव करायची?" हैबतराव बसल्या जागेवरून म्हणाले. "हे कारण नव्हे, समर्थन झालं!"

"कारण सांगणं म्हणजे समर्थन नव्हे."

"मग शिक्षा कोणाला करायची? गिरणीला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "वकिलाला करा!" पुन्हा हशा झाला.

दिनानाथ हसले नाहीत. "तिसरं कारण राहिलं. पोरगा बेकार आहे, घाबरलेला आहे. एवढ्यानं तो घरातच बसतो. त्याच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवावा लागतो. बोटी येणार, सावध राहा, असं जीपमधून गावोगाव कोण सांगत होतं? तेही सामाजिक कारणातच धरायचं का?"

गलका झाला. खुर्च्या सरकल्या. कारणं तीन होती आणि तिन्ही त्याच्या घरात राहत होती. ही माणसं शहराबद्दल बोलतायत असं सगळ्या सभागृहाला वाटत होतं. कान्हूला मात्र वाटत होतं की आता कोणीतरी जगनचं नाव घेईल.

हैबतरावांनी हात वर करून गलका थांबवला. "पुरावा देतो. भालखारला गेल्या महिन्यात खांड पडली. शंभर माणसं फावडी घेऊन मोहल्ल्यातून धावली. शहर असतं तर रक्त सांडलं असतं. इथं बांध बांधला गेला! रूळ वाजवणारा माणूस इथं बसलाय. कान्हू, ये वर. सांग, माणसं कशाला धावली?"

कान्हू माइकपुढं उभा राहिला. माइक त्याच्या तोंडाच्या वर होता. कोणीतरी तो खाली केला.

"बांधासाठी," तो म्हणाला.

"सगळे?" दिनानाथांनी खालून विचारलं. आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

कान्हूनं समोर बघितलं. शेवटच्या खांबाला टेकून कासम उभा होता.

"सगळे," कान्हू म्हणाला.

टाळ्या वाजल्या.

परिसंवाद संपल्यावर कासम बाहेर पायरीशी थांबला होता. "चहा घेणार काय?"

"नको."

"मी शेवटी बाहेर पडलो, कान्हू. बूबूला उठवत होतो. फटीतून दिसत होतं. जगन दारावर दांडा मारत होता."

कान्हूनं थांबलेल्या जीपकडं बघितलं.

"पोलिसांत नाय गेलो. का, ते विचार."

"का?"

"माझी जमीन तुझ्या बांधामागं हाय. आज ना उद्या मना तिथंच राहायचं हाय." कासमनं आवाज खाली घेतला. "उद्या पुनव. मोहल्ल्यात आठ-दहा घरं अजून हायत. रूळ वाजवायचा झाला तर आधी निरोप दे. ती आधीच तिवरात जाऊन बसतील."

तो हे चिडून म्हणाला असता तर कान्हूला बरं वाटलं असतं. त्यानं ते नीट, व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

संध्याकाळी कान्हूनं गावकीपुढं विषय काढला. उद्या खांड पडली तर मोहल्ल्यातून न जाता रस्त्यानं वळसा घालून जावं.

"वळसा?" पोपट म्हणाला. पोपटचं शेत खांडीला सगळ्यांत जवळ होतं. "तवर पाणी थांबतंय व्हय? तू त्याला सांगून ठेवलंयस?"

"रोह्याला भाषण करून आलाय तो," दुसरा म्हणाला. "आता जीपनं नेल आपल्याला बांधावर!"

सगळे हसले. वळसा कशासाठी, ते कान्हूला सांगता आलं नाही. सांगायचं तर मुलाचं नाव घ्यावं लागलं असतं. घोळक्यातले दोघं तिथंच बसले होते आणि तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कान्हूच्या टाचेला कळलं. महिन्यापूर्वी बुजवलेल्या जागी माती हलत होती. रात्रीच्या भरतीनं आपलं काम केलं होतं. तो घरी आला. परड्यातल्या माचावरून पेंढ्याच्या मोळ्या काढून त्यानं गल्लीच्या तोंडाशी नेऊन रचल्या. चार फेऱ्या घातल्या. मोहल्ल्यातल्या एका दारातून बाईनं त्याच्याकडं बघितलं आणि दार लावून घेतलं.

मग तो शांतीला घेऊन उघाडीवर गेला.

"आज तू वाजव गो."

"मी?" ती मागं सरकली. "मना नाय येत. तुमी कुठं चाललात?"

"गल्लीत. पाणी आत यायला लागलं की वाजव. थांबू नको."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "जगन घरात नाय," ती म्हणाली. "सकाळपासून नाय."

कान्हू गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ऊन चढलं. कुठं भांडं वाजत नव्हतं, कोंबडंसुद्धा ओरडत नव्हतं. मोहल्ल्यातली माणसं घरांत आहेत की तिवरांत, हे त्याला कळत नव्हतं. निरोप मात्र त्यानं पाठवला नव्हता. तिवरात जाऊन बसा, हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते. आपण केलं ते बरोबर की चूक, याचा विचार करायलाही आता वेळ नव्हता. रूळ वाजला. शांतीचे ठोके वेडेवाकडे पडत होते.

पहिली माणसं आली. कान्हूनं दोन्ही हात पसरले.

"पेंढा हाय? जा. पेंढा हाय? जा."

"बाजूला हो!"

"पेंढा?"

"डोक्यावर काय दिसतंय, टोपी?"

गल्लीच्या तोंडाशी गर्दी तुंबली. पोपट मोळीसकट त्याच्यावर आदळला. "अरे, खांड पडली आन् तू हितं जकात घेतोस? माझं शेत चाललं!"

"जा."

ती गेली. मागून घोळका आला. गेल्या खेपेपेक्षा लहान होता. पुढं जगन. उजव्या हातात फावडं, डोक्यावर काही नाही.

"पेंढा?" कान्हूनं विचारलं.

"इसरलो."

कान्हूनं दोन मोळ्या उचलल्या आणि पुढं धरल्या. "दोन ने. दोनी हातांनी. फावडं मी आणतो."

जगन हलला नाही. मागचा एकजण म्हणाला, "बुड्ढा येडा झालाय, चल." जगनच्या हातातलं फावडं थोडं वर उचललं गेलं. मारायला की खांद्यावर घ्यायला, हे कान्हूला त्या क्षणी समजलं नाही आणि पुढंही कधी समजलं नाही. त्याला एवढंच समजलं की आपल्याला आपल्या पोराचं भय वाटतंय. मोळ्यांतल्या काड्या खाली पडत होत्या.

जगननं फावडं बापाच्या पायांपाशी टाकलं. मोळ्या घेतल्या नाहीत. वळला आणि गावाकडं चालू लागला. मागच्यांपैकी दोघांनी गुपचूप मोळ्या उचलल्या आणि बांधाकडं पळाले. बाकीचे जगनच्या मागं गेले.

गल्लीत त्या दिवशी एकाही दारावर दांडा पडला नाही. बांधावर मात्र माणसं उशिरा पोचली आणि कमी पोचली. खांड रुंदावत गेली. ओहोटी लागेपर्यंत खालची सगळी शेतं पाण्याखाली होती. पोपटचं गेलं, कान्हूचं गेलं, कासमचंही गेलं.

गावकीनं कान्हूला उघाडीवरून काढलं. रुळाचा हक्क पोपटकडं गेला. जगन दुसऱ्या दिवशी निडीला मामाकडं गेला. जाताना शांतीनं त्याला डबा बांधून दिला. बापाशी तो बोलला नाही. हैबतरावांनी पुढच्या सभेतही भालखारचं उदाहरण दिलं असं कान्हूच्या कानावर आलं. दिनानाथांनी त्यावर काय उत्तर दिलं, ते आलं नाही.

उधाणाच्या दिवशी कान्हू अजून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राही. धावणारे त्याच्यावर हसत, पण मोळ्या घेऊनच येत. उभ्या उभ्या एक विचार त्याला सोडत नसे. पहिल्या खेपेला जगन काय करायला निघाला होता ते त्यानं पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेचं त्याला ठाऊक नव्हतं. कदाचित त्या दिवशी पोरगा नुसता बांधावरच निघाला असेल. कदाचित खरंच विसरला असेल.

होळीच्या सुमारास कासम शेत बघायला आला. पाणी आटलं होतं आणि जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. कासमनं बोटानं थोडा उचलला आणि टाकून दिला.

"धुऊन निघायला तीन पावसाळे," तो म्हणाला.

"व्हय."

मग कासमनं विचारलं, "जगन कुठं हाय?"

"निडीला."

"परत येणार काय?"

कासमच्या घराचं कुलूप या उत्तरावर अवलंबून होतं, हे कान्हूला कळत होतं. आपल्याला कोणतं उत्तर हवंय हे मात्र त्याला कळेना. शांती रोज वाटेकडं डोळे लावून बसे. तो पापुद्र्यावर टाच दाबत उभा राहिला.

"ठाऊक नाय," तो म्हणाला.

कासमनं मान हलवली आणि तो रोह्याच्या गाडीला निघून गेला.